न्याहारीआधीचं पाणी

बाराला पाच मिनिटं कमी होती आणि तिच्या हातून तोटी उघडी राहिली. अकरा वर्षांच्या नोकरीत असं फार तर तीनदा झालं असेल. डाव्या हाताने काचेच्या नळीची तोटी धरायची, उजव्या हाताने खालचा चंबू गोल गोल हलवायचा, आणि चंबूतलं जांभळट लाल पाणी ज्या थेंबाला निळं होतं त्या थेंबाला थांबायचं. पाण्याचा जडपणा मोजायची ही सगळ्यात साधी रीत. प्रयोगशाळेत नवीन येणारी पोरं पहिल्या आठवड्यात शिकतात ती. पण टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला, तिने तो उलटा करून पाहिला, दादाचा निरोप होता, आणि तो वाचून होईपर्यंत चंबू केव्हाच निळा होऊन गेला होता. एकदा निळं झालं की पुढे कितीही थेंब पडले तरी ते निळंच राहतं. एक थेंब जास्त गेला की पेलाभर, हे चंबूकडे बघून कुणाला कळायचं नाही. ज्याचा हात तोटीवर होता त्यालाच काय ते ठाऊक. तिने वहीत त्या नमुन्यापुढे ‘बाद’ लिहिलं, चंबू मोरीत रिकामा केला आणि स्टुलावर बसून निरोप पुन्हा वाचला.

गावात नवी पाण्याची टाकी झाली होती. तिला बाबांचं नाव द्यायचं असं गावाने एकमताने ठरवलं होतं, आणि गावाचं एकमत म्हणजे काय असतं हे ज्याला माहीत आहे त्याला ही गोष्ट केवढी मोठी ते कळेल. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. दादा पाणी समितीचा प्रमुख. रविवारी उद्घाटन, भाषण त्याचं. टाकीच्या पायाशी बसवायच्या दगडावर वरच्या ओळीत बाबांचं नाव कोरूनही झालं होतं आणि खालचा मजकूर राहिला होता. ‘दगडवाला चारला कोरायला बसणार आहे,’ दादाने लिहिलं होतं, ‘मजकूर ठरलाय, तू फक्त शुद्धलेखन बघ. विषारी विहीर ओळखून दोनशे जवानांचे प्राण वाचवणारे शूर सैनिक व आदर्श गावकरी.’

शुद्धलेखनात काही चूक नव्हती. विहीर मात्र विषारी नव्हती.

“काय गं, तोंड का असं केलंस?” समोरच्या टेबलावरून जंतूवालीने विचारलं. ती पाण्यातले जंतू वाढवून मोजायची, म्हणून तिला सगळे जंतूवालीच म्हणत आणि ती त्या नावाला ओ देतही असे. “चंबू गेला का?”

“गेला.”

“जाऊ दे. माझ्या तर बश्याच्या बश्या जातात.”

तिने नवा नमुना घेतला, त्यात रंग टाकला, आणि हात आपोआप चालू लागले तसं डोकं मोकळं झालं आणि सरळ गावी निघून गेलं. विषारी विहिरीची गोष्ट तिने पहिल्यांदा कधी ऐकली ते तिला आठवत नव्हतं. काही गोष्टी माणूस ऐकत नाही, त्या घरातच असतात, उंबऱ्यासारख्या. बाबा सैन्यात पाण्याच्या तुकडीत होते. बंदूक त्यांच्याकडेही असे, पण त्यांचं खरं काम होतं पुढे जाऊन पाणी शोधायचं, ते तपासायचं, आणि पिण्यालायक आहे की नाही ते सांगायचं. तपासायला औषधांच्या बाटल्यांची एक पेटी होती. पेटीच्या वर जीभ होती. तुकडीतले लोक त्यांना ‘जीभ’ असंच म्हणत. “जिभेला बोलवा रे” अशी हाक आली की बाबा आपला पत्र्याचा मग घेऊन पळत सुटायचे. नियम असा होता की ज्याने पाणी चांगलं म्हटलं त्याने पहिला मग सगळ्यांदेखत स्वतः प्यायचा आणि मग बाजूला उभं राहायचं. लढाईच्या दुसऱ्या महिन्यात दोनशे माणसं एका ओस पडलेल्या गावात पोहोचली, बाटल्या कोरड्या, जिभा टाळूला चिकटलेल्या, समोर काठोकाठ भरलेली विहीर. बाबांनी एक घोट घेतला, थुंकला, आणि ‘नको’ म्हणाले. दोनशे माणसं एका माणसाच्या शब्दावर त्या पाण्याकडे पाठ फिरवून निघून गेली. इतकी ती गोष्ट. गावात ती आणली बॅटरीकाकांनी. ते बाबांच्याच तुकडीतले, पाठीवर बिनतारी यंत्राची जड बॅटरी वाहणारे, म्हणून बॅटरी, शेजारच्या गावचे. ते सांगायला लागले की विहिरीत शत्रूने काय काय टाकलं होतं त्याची यादी दर वर्षी एका जिनसेने वाढायची.

या गोष्टीवर दादा वाढला. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. बाबा नोकरीत लांब असताना त्याच्या वाट्याला बापापेक्षा बापाची गोष्टच जास्त आली. शाळेत कुणीतरी म्हणालं, तुझा बाप काय, पाणक्याच होता, त्यावर दादाने त्याला मारलं आणि स्वतःचा पुढचा दात अर्धा पाडून घेतला. तो दात अजून तसाच आहे, हसला की दिसतो. तिच्या वाट्याला उलट आलं. ती जन्मली तेव्हा बाबा सैन्य सोडून कायमचे घरी आले होते, त्यामुळे तिला गोष्टीआधी माणूस मिळाला. आणि तो माणूस, खरं सांगायचं तर, चारचौघांत लाज आणणारा होता. कुणाच्याही लग्नाला जा, प्रवासात कुठेही उतरा, पाण्याचा पेला समोर आला की बाबांचा हात मध्ये. “थांबा.” मग ते एक घोट घेणार, तो तोंडात एका गालाकडून दुसऱ्या गालाकडे फिरवणार, डोळे अर्धवट मिटणार, यजमान खांबासारखे उभे, आई पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, आणि मग ते मान हलवणार, की पोरांनी प्यायचं. ती कॉलेजला गेली तेव्हा वसतिगृहात सामान ठेवण्याआधी त्यांनी तिथला नळ चाखला आणि बाईंना म्हणाले, “टाकी धुऊन दोन महिने झाले असतील, नाही?” सगळ्या मुली बघत होत्या. तिला जमिनीत जावंसं वाटलं. बाईंनी नाक मुरडलं, पण तिसऱ्या दिवशी टाकी उघडली तेव्हा आतून मेलेलं कबुतर निघालं, आणि त्यानंतर वर्षभर मुली तिला विचारायच्या, तुझे बाबा पुन्हा कधी येणारेत.

आणि न्याहारी. तिच्या सगळ्या लहानपणाला उशिरा झालेल्या न्याहारीचा वास होता. पहाटे उठून बाबा गावातल्या तिन्ही विहिरींवर जात, गळ्यात मग अडकवलेला, पायात सैन्यातलेच बूट, तळ तीनदा बदललेले. ते परत येईपर्यंत घरात कुणी काही खायचं नाही असा नियम नव्हता. नियम फक्त त्यांच्यापुरता होता, की चव घेण्याआधी तोंडात काही जाणार नाही, चूळसुद्धा साध्या पाण्याची, चहा नाही, मीठ नाही. पण तो माणूस उपाशी फिरतोय म्हणून आई थांबायची, आई थांबली म्हणून पोरं थांबायची, आणि पोटात कावळे ओरडत, चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन, बुटांचा आवाज येतोय का ते ऐकत बसायचं. “या माणसाच्या जिभेपायी माझा चहा इतकी वर्षं गार होतोय,” असं आई म्हणायची, मग बाबा आत येऊन बूट काढता काढता “तिन्ही गोड” असं म्हणायचे आणि एकदम सगळं घर हलू लागायचं. ते दोन शब्द म्हणजे घरातला दिवसाचा आरंभ. मग ते घरातली इतर सगळी कामं त्याच नेमाने करायचे: पोरांचे केस कापायचे (दोघांचेही सारखेच, त्यामुळे ती सहा वर्षांची होईपर्यंत पाहुण्यांना मुलगाच वाटायची), आईची कंबर धरली की धुणं धुवायचे आणि दोरीवर कपडे लांबीच्या क्रमाने टांगायचे, गायीच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. काय पुटपुटता, असं तिने एकदा विचारलं, तर म्हणाले, “तारीख सांगतो. नाहीतर तिला कोण सांगणार?”

चंबू निळा झाला. ती या वेळी थेंबावर थांबली, आकडा लिहिला, दुसरा चंबू घेतला. साडेबारा.

ती नोकरीला लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती, आणि पहिल्याच वर्षी तिने एका गावाचा झरा बंद पाडला होता. अहवालात नायट्रेट भरमसाट आलं, तिने सही केली, झऱ्यावर पाटी लागली. नऊ दिवसांनी फेरतपासणीत कळलं की झरा ठणठणीत आहे. नमुन्याची बाटलीच नीट धुतलेली नव्हती, आधी तिच्यात खताचं पाणी होतं. नऊ दिवस त्या गावच्या बायका डोंगर उतरून पाणी भरत होत्या. साहेबांनी फाईल मिटवली, म्हणाले, चुकलीस, पण सुरक्षित बाजूला चुकलीस, विसर. तिला विसरता येईना. ती सुट्टी काढून घरी गेली, कुणाला काही बोलली नाही, ताटावरून उठायची. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “चल, टाकी धुवायचीय. आत उतरायला मला एक माणूस पाहिजे.” तेव्हाची जुनी, लहान टाकी. शिडीने दोघं आत उतरले. वरचं भोक आभाळाचा एक गोल तुकडा, खाली घोट्याइतकं पाणी, गार सिमेंट, हातात काथ्याचे ब्रश. आत बोललेला प्रत्येक शब्द भिंतींना लागून तीनदा परत यायचा, त्यामुळे बाबा अगदी हळू बोलत होते, आणि हळू बोललेलंही चहूबाजूंनी येत होतं, जणू चार बाबा चार कोपऱ्यांतून सांगताहेत. तिने आपणहून सगळं सांगून टाकलं. बाटली, सही, नऊ दिवस. बाबा घासत राहिले.

“ती विहीर चांगली होती,” ते थोड्या वेळाने म्हणाले.

“झरा, बाबा. विहीर नाही.”

“तुझा झरा नव्हे. माझी विहीर.”

मग त्यांनी सांगितलं. बाटल्यांची पेटी आदल्या दिवशी नदी ओलांडताना फुटली होती, म्हणजे उरली जीभ. हिवतापाच्या गोळ्या रोज रात्री जेवणानंतर वाटायचे, पण त्या दिवशी लांबची चाल होती म्हणून हवालदाराने सकाळीच वाटल्या. गिळायला कुणाकडेच पाणी नव्हतं. बाबांनी आपली गोळी चावून खाल्ली. “विषासारखी कडू असते ती. तासाभराने विहीर आली. मी घोट घेतला. कडू. काय कडू होतं? माझं तोंड कडू होतं. पण मला वाटलं पाणी. साहेब म्हणाले काय, मी म्हटलं नको. पाटी लावली. अकरा किलोमीटर चालवलं मी त्यांना, डोक्यावर ऊन. दोघं पडले, त्यांना स्ट्रेचरवर घातलं. वाचले दोघंही.”

“मग कळलं कसं?”

“तीन दिवसांनी त्याच वाटेने परत आलो. बघतो तर गाड्यांची तुकडी उतरलेली, माझी पाटी त्यांनी चुलीत घातली होती, आणि निवांत अंघोळी चालल्या होत्या. विचारलं, कधीपासून पिताय? म्हणाले, तीन दिवस. मी मग भरला. गोड. इतकं गोड पाणी मी सबंध लढाईत प्यायलो नाही.” त्यांनी ब्रश उलटा करून त्याचे केस बोटांनी साफ केले. “साहेबांकडे गेलो. म्हटलं नोंदवही द्या. ते म्हणाले, सोड, कुणी मेलं नाही, उलट सगळे तुझं नाव घेताहेत. मी म्हटलं, द्या. त्या विहिरीपुढे लिहिलं, विहीर चांगली आहे, चूक माझी, आणि खाली सही. साहेब म्हणाले, हे कुणाला दाखवायचंय तुला? म्हटलं, पुढचा जो येईल त्याला. त्याने का म्हणून तहानलेलं जायचं?”

टाकीत पाणी ठिबकत होतं. तिला एकदम भूक लागली होती, इतकी की पोट दुखायला लागलं. तिने विचारलं, “मग बॅटरीकाका सांगतात ते?” बाबा हसले आणि चारी कोपऱ्यांत हसू फिरलं. “मी कितीदा सांगितलं लोकांना, विहीर चांगली होती म्हणून. लोक म्हणतात, बघा, केवढा विनय. माझ्या पाठीवर थाप मारतात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतात. आता काय, भांडू?” त्या दिवशी ती दोघं न्हाऊन धुऊन बाहेर आली आणि तिने दोन माणसांचं जेवण एकटीने खाल्लं. सुट्टी संपल्यावर तिने झऱ्याच्या त्या मिटवलेल्या फाईलमध्ये एक कागद लावला, बाटली अशी होती, धुण्याची पद्धत अशी होती, चूक माझी. साहेब वाचून नुसते हं म्हणाले. आणि त्याआधी, परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिला जे कळलं होतं ते आता, दुसरा चंबू हलवताना, पुन्हा नव्याने कळल्यासारखं झालं: लहानपणीच्या त्या सगळ्या उशिराच्या न्याहाऱ्या, आईचा गार चहा, चुलीपाशी पोटाशी घेतलेले गुडघे, हे सगळं एका चावलेल्या गोळीतून आलं होतं. त्या माणसाने पुन्हा कधी तोंडात काही असताना पाण्याबद्दल मत दिलं नाही. यात तिला दुःख असं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, एखाद्या वाकड्यातिकड्या आलेखामागचं सूत्र सापडावं तसं.

पण दगडाचं काय करायचं. दोन वाजत आले होते. तिने डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. दादाच्या वाक्यात सदतीस अक्षरं होती. तिने मोजली, कारण मोजल्याशिवाय तिला विचार करता येत नसे. दगडवाल्याने सत्तरची मुभा दिली होती, तेही दादाने निरोपात कळवलं होतं. ‘शुद्धलेखन ठीक’ एवढे दोन शब्द लिहिले की काम संपलं. दादा खूश, गाव खूश, रविवारी टाळ्या. कुणी मरत नाही. आणि तिने बदललं तर? सेहेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याने त्या विहिरीसाठी अर्धा दात दिला, त्याला त्याचा बाप चुकला होता हे दगडावर वाचावं लागणार, तेही स्वतः फीत कापून. बॅटरीकाका पहिल्या रांगेत बसलेले असणार, आणि दगड त्यांना साऱ्या गावापुढे खोटं ठरवणार. मेलेल्या माणसाचं खरं सांगण्यासाठी दोन जिवंत माणसांना मान खाली घालायला लावायची, याला काय म्हणायचं ते तिला सांगता येईना. आणि तरी तो दगड टाकीच्या पायाशी उभा राहणार होता, शंभर वर्षं, दीडशे, आणि टाकीवर काम करणारा प्रत्येक नवा माणूस तो वाचणार होता आणि शिकणार होता की इथे असा एक माणूस होता जो कधी चुकला नाही.

तिने आईला फोन लावला.

“जेवलीस का?” आई म्हणाली. तिचं पहिलं वाक्य कधी बदलत नाही.

“जेवते. आई, ती विहीर. बाबांची. तुला माहितीये ना ती...” आणि ती अडली. आईला माहीत आहे की नाही हे तिने उभ्या आयुष्यात विचारलं नव्हतं.

“चांगली होती ती,” आई म्हणाली.

“तुला केव्हा सांगितलं त्यांनी?”

“लग्नाआधी. तो बॅटरी आमच्याकडे आला, माझ्या वडलांना विहिरीची गोष्ट रंगवून सांगितली, वडील भारावून गेले, म्हणाले मुलगी याच मुलाला द्यायची. मग हे एकदा मला भेटायला आले. बसले नाहीत की पाणी प्यायले नाहीत. म्हणाले, तुमच्या वडलांनी ज्या गोष्टीवरून होकार दिलाय ती खरी नाही. विहीर चांगली होती, मी चुकलो. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर मीच मोडलं असं सांगेन.”

“मग?”

“मग काय. मी विचारलं, अजून चाखता का पाणी? म्हणाले, चाखतो, पण आता आधी काही खात नाही. म्हटलं, मग ठीक आहे. तेव्हा चहा गार होणार हे लक्षात आलं नाही माझ्या.”

तिला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम, आणि जंतूवालीने बशीवरून मान वर करून पाहिलं व शहाण्यासारखी पुन्हा खाली घातली.

“आणि दादा?”

“त्याला सांगायला गेले होते की. दोनदा, तीनदा. पोरगं कानावर हात ठेवायचं. शेवटी हे म्हणाले, राहू दे, फार महाग दात आहे तो.” पलीकडे आईने कुठलंसं झाकण ठेवलं. “तू काय लिहायचं ते लिही. पण त्याला आधी सांग. दगडावर वाचायला लावू नकोस.”

बॅटरीकाकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ती बाहेरच्या जिन्यात गेली आणि जिन्याच्या गजांना टेकून जवळजवळ ओरडून बोलली. खालच्या मजल्यावरचा कारकून थबकून वर बघून गेला. काही वाक्यं तिला दोनदा सांगावी लागली.

“पोरी, मला ठाऊक होतं,” काका म्हणाले. “गाड्यांच्या तुकडीत माझा मावसभाऊ होता. त्यानेच सांगितलं, झकास पाणी होतं म्हणून. पण तुझा बाप तेव्हा मुलगी बघायच्या खटपटीत होता. मी तिच्या बापाला काय सांगणार होतो, याने आम्हाला उन्हात उगाच हिंडवलं म्हणून? ते दोघं पडले ना, त्यातला एक मी.”

हे तिला माहीत नव्हतं. बाबांनी ‘दोघं’ म्हटलं होतं, कोण ते सांगितलं नव्हतं. ज्याला स्ट्रेचरवर घालावं लागलं त्यानेच बाबांना वीर केलं होतं, आणि पन्नास वर्षं एकेक जिन्नस वाढवत नेला होता.

“काका, तुम्ही रविवारी समोर बसणार. लोक म्हणतील...”

“काय म्हणतील ते म्हणू देत. मला ऐकू येतंय थोडंच. तू खरं लिही. त्याला बरं वाटेल. जन्मभर सांगत होता बिचारा, मीच ऐकू दिलं नाही कुणाला.” मग आवाज खाली आणून, म्हणजे नेहमीच्या माणसाच्या आवाजात, “फक्त मी पडलो होतो ते कोरू नकोस.”

तीन वाजून दहा मिनिटांनी ती पुन्हा स्टुलावर बसली. कामाच्या वहीचं मागचं पान उघडलं. ‘शूर’ हा शब्द तिने आधी लिहिला, मग खोडला. शूर होते की नाही हे तिला मोजता येत नव्हतं. जे माहीत आहे तेवढंच लिहायचं. किती वर्षं, काय काम, काय झालं, मग काय केलं. अहवाल लिहायची ही रीत तिला प्रयोगशाळेने शिकवली असं ती समजत आली होती. लिहिता लिहिता तिच्या ध्यानात आलं की बाबा लढाईबद्दल, गायीच्या आजाराबद्दल, शेजाऱ्याच्या भांडणाबद्दल, कशाहीबद्दल असंच बोलायचे, आणि शेवटचा आठवडाभर खाटेवर पडून असतानाही डॉक्टरला असंच सांगायचे: दुखणं इथे, इतक्या वाजल्यापासून, कालपेक्षा कमी. कालपेक्षा कमी, असं ते शेवटच्या दिवशीही म्हणाले होते, आणि ते खरं होतं. चार वाक्यं झाली. खिडकीतून तिरपं ऊन बाटल्यांच्या रांगेवर आलं होतं. तिला खूप दिवसांत वाटलं नव्हतं इतकं स्वस्थ वाटत होतं, पण आता दादाला फोन करायचा होता.

“हां बारके, बघितलंस?” दादा म्हणाला. मागे कुठेतरी हातोडीचा आवाज येत होता. तो दगडवाल्याकडेच पोहोचला होता. “काही ऱ्हस्वदीर्घ?”

“दादा, मजकूर बदलायचाय. बाजूला जाऊन ऐक.”

तिने सांगितलं. पाल्हाळ न लावता, टाकीत जसं ऐकलं होतं तसं. गोळी, घोट, पाटी, तीन दिवस, नोंदवही. आईला माहीत आहे हेही सांगितलं, आणि काकांना माहीत आहे हेही. हातोडीचा आवाज लांब गेला होता, म्हणजे तो खरंच बाजूला आला होता.

“म्हणजे मलाच नाही सांगितलं,” दादा म्हणाला.

“सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस.”

“मी आठ वर्षांचा होतो गं.”

“तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तू चांगला मिशीवाला होतास.”

तो हसला नाही. “मी रविवारी काय बोलू मग? मुलांना काय सांगू? शाळेतली पोरं येणारेत. लोक म्हणतील, याच्या बापाच्या टाकीवर याच्या बापाची चूक कोरलीय. असं कुणी कोरतं का? कुठे पाहिलंयस?”

“नाही पाहिलं.”

“मग?”

“तू समितीचा प्रमुख आहेस,” ती म्हणाली. “उद्या तुझा टाकीवाला चुकून चांगलं पाणी ओतून देईल, नाहीतर वाईट पाणी नळांना सोडेल. त्याने तुला येऊन सांगावं असं तुला वाटेल, का लपवावं असं?”

पलीकडे एक गाडी गेली. कुणीतरी दादाला हाक मारून विचारलं, घ्यायचं का कोरायला, आणि तो “थांब रे” म्हणाला. मग त्याने घसा खाकरला.

“वाच.”

तिने वाचलं. “सैन्यात आणि गावात पन्नास वर्षं पाण्याची चव घेतली. एकदा चांगल्या पाण्याला वाईट म्हणाले. ते कळल्यावर स्वतः नोंदवहीत लिहिलं, विहीर चांगली आहे. चूक माझी.”

“सावकाश वाच. मोजू दे.”

ती एकेक शब्द सोडून वाचू लागली आणि दादा मागोमाग तो अक्षर अक्षर तोडून म्हणू लागला, जमाखर्च वाचावा तशा कोरड्या, समितीच्या आवाजात. सै-न्या-त. आ-णि. त्याची बोटं पेरांवर चालली असणार हे तिला दिसत होतं. ‘वाईट’पाशी तो एक अक्षर चुकला आणि मागे गेला. नोंदवहीपर्यंत आवाज तसाच होता. मग वि-ही-र, चां-ग-ली, आ-हे, आणि तिने ‘चूक’ वाचलं तर पलीकडून ते आलं नाही. तिने पुन्हा वाचलं नाही. थांबली. हातोडी, वारा, दादाचा श्वास. “चू-क,” तो म्हणाला. “मा-झी.”

“किती झाली?” तिने विचारलं. तिला आकडा ठाऊक होता.

“चौसष्ट. सत्तर बसतात. सहा उरतात. कोणाबद्दल लिहिलंय ते यात नाहीये.”

“नाव आहे की वरती.”

“नाव असू दे. सुरुवातीला ‘आमचे वडील’ अशी एक ओळ घालतो.” आणि तो बोटांवर मोजू लागला, आता अगदी सावकाश, जसा एखादा पायऱ्या उतरतो. “आ-म-चे. व-डी-ल.”

तिने तोंडावर हात ठेवला होता.

“बसतंय,” दादा म्हणाला, आणि फोन तसाच हातात धरून दगडवाल्याला हाक मारली.